साडेचार मिनिटं

धक्क्याखालचं पाणी अजून झोपेतलं.
रात्रपाळीचे बूट मी गाडीतच काढले,
आणि अनवाणी उतरले कालवांच्या शिंपल्यांच्या भरडीवर.
टोचतं. टोचतं म्हणूनच जागी राहते.

ख्येम दोर सोडतो.
बावीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर काढली त्यानं,
मग बोट विकली.
आता तासाच्या भावानं कयाक देतो
आणि वारा फुकट सांगतो.
"आग्नेयेचा आहे आज, आठनंतर चढेल.
बेट उजव्या हाताला ठेव. पाट्यांच्या आत नाही."

पाट्या मला पाठ आहेत.
फेब्रुवारी ते ऑगस्ट, पन्नास यार्ड लांब,
इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये,
आणि धक्क्यावरच्या फळ्यावर ख्येमच्या खडूनं
व्हिएतनामीत, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

पाण्यात शिरणं दर वेळी थोडं लाजिरवाणं.
एक पाय आत, एक चिखलात,
बूड घसटतं, अडतं,
निरोप घेऊन झाल्यावरही
दारातच बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखं.
मग एकदम जमीन सोडून देते.

बेट म्हणजे काय, तर शिंपल्यांचा एक लांबट ढीग.
त्यावर काळे पाणचिरे, शेदोनशे,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.
खालची चोच वरचीपेक्षा लांब,
जणू घडवताना माप चुकलं
आणि चुकलेलंच कामाला आलं.
भुंकतात ते, कुत्र्याच्या पिल्लांसारखे.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी किनाऱ्यावर पिल्लू शोधत होते.

रात्री सात नंबरमध्ये ओरालिया बेनाविदेस
थंडी वाजते, थंडी वाजते म्हणत होती.
तीनदा पांघरूण घातलं तिला.
इथे उलटं आहे.
या उन्हात पाणचिरी अंड्यांवर बसते
ती ऊब द्यायला नाही.
पोट भिजवून येते खाडीत
आणि उभी राहते, छत्री होऊन.

हे आठवत होते.
वल्हं मांडीवर आडवं, थर्मासचं झाकण दातांत,
कॉफी अजून कडक होती.
वारा चढला ते मला कळलं नाही.
कळलं ते आवाजानं:
अख्खं बेट उठलं.

पाटी माझ्या मागे होती.

डोक्यावर काळंपांढरं गरगरत होतं, भुंकत होतं,
आणि समोर, शिंपल्यांत, शिंपल्यांच्याच रंगाची
ठिपकेदार अंडी. आधी एक दिसलं.
मग नजर बसली, आणि दिसतच गेली.
उघडी. सूर्य बोटभर वर.

मी वल्हं मारलं. वाऱ्यानं परत ढकललं.
पुन्हा मारलं. थर्मास पाण्यात गेला, गेला तर गेला.
उजवीकडून एक समुद्री कुरव आरामात आला,
बाजारात आल्यासारखा,
आणि खाली उतरला.
चोचीत काही होतं का त्याच्या?
मी पाहिलं नाही.
खरं सांगायचं तर, मान वळवली नाही.

धक्क्यावर ख्येम पाण्याची नळी घेऊन उभा.
कयाक धुतली. वल्हं धुतलं. माझे पायही.
रागावला असता तर बरं झालं असतं.
मनगटावरच्या घड्याळाला टिचकी मारून म्हणाला,
"साडेचार मिनिटं.
परवा एकाला नऊ लागली. त्याच्यासोबत कुत्रा होता."

मग फळा उलटा केला.
मागच्या बाजूला रेघा होत्या, खडूच्या,
पाचापाचांच्या जुड्या बांधलेल्या,
या उन्हाळ्याच्या.
कुणाचं नाव नाही कुठे.
खडू माझ्यापुढे धरला त्यानं.

तासाचे पैसे पूर्ण दिले.
घरी आले, पडदे ओढले,
आणि दुपार टळेपर्यंत झोपले
सावलीत.